दोन लिप्यांचा डेस्कटॉप

खासबाग, शहापूर, वडगाव या बेळगावच्या विणकर वस्त्यांतल्या डीटीपीच्या दुकानात मराठी लग्नपत्रिका, कन्नड वास्तुशांतीचे निमंत्रण आणि इंग्रजी बिलबुक ही कामे एकाच टेबलावर येतात. त्यातच 2024 मध्ये कर्नाटकने नामफलकांवर 60 टक्के कन्नड असण्याची तरतूद कायद्यात केली, त्यामुळे फलकाच्या फायलीतही दोन-तीन लिप्या शेजारी बसतात. काम असे बदलले, पण संगणकाचा पडदा अनेक ठिकाणी पहिल्या दिवशी होता तसाच आहे. आयकॉनांची गर्दी, फॉन्टची सरमिसळ आणि भाषा बदलायला दरवेळी माउस.

सुरुवात भाषेपासून करावी. विंडोजमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही कीबोर्ड जोडले, की प्रत्येक भाषेला स्वतंत्र कळ देता येते: डावीकडच्या ऑल्ट-शिफ्टबरोबर 1 दाबले की मराठी, 2 दाबले की कन्नड. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये आणखी दोन पर्याय आहेत. एकाने प्रत्येक विंडोची भाषा वेगळी राहते, म्हणजे पत्रिकेच्या फायलीत कन्नड चालू असताना ग्राहकाला मराठीत मेल लिहायला काही बदलावे लागत नाही. दुसऱ्याने भाषापट्टी टास्कबारमधून काढून पडद्यावर हवी तिथे ठेवता येते. ती नजरेसमोर असली, की चुकीच्या लिपीत ओळभर टाइप होऊन खोडावे लागत नाही. इतकी उपयोगी सोय इतकी आत दडवून ठेवावी, हे खटकते.

सीमाभागातल्या ऑपरेटरने इनस्क्रिप्ट शिकावे, असे आमचे आग्रहाचे मत आहे. 1986 मध्ये प्रमाण ठरलेल्या या कीबोर्ड-मांडणीत सर्व भारतीय लिप्यांचा पाया एकच आहे. ज्या कळीवर ‘क’, तिच्यावरच ‘ಕ’. मराठीत नसलेले ऱ्हस्व ए आणि ओ एवढे कन्नडसाठी वेगळे लक्षात ठेवायचे. बाकी बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. टाइपरायटरच्या मांडणीवर हात बसलेल्या जुन्या ऑपरेटरांना हा बदल जड जातो, हे खरे. त्यांच्यावर तो लादू नये. कर्नाटकातल्या सरकारी कामासाठी नुडी ही कन्नड टायपिंगची प्रणाली लागते, तिचा आयकॉनही हाताशी असावा.

जुन्या फायलींचा प्रश्न वेगळा. श्री-लिपीसारख्या पॅकेजांतल्या, युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमधली पत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. म्हणून जुने जॉब आणि युनिकोडचे जॉब एकाच फोल्डरमध्ये कधीच नसावेत.

आता जागेचा हिशेब. पत्रिका उभी, पडदा आडवा. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर उंचीच तोकडी असते आणि तीच टास्कबार व टूलबार खातात. विंडोज 95 पासून टास्कबार पडद्याच्या कोणत्याही कडेला नेता येत असे. 2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 ने ती मुभा काढून घेतली. छपाईच्या धंद्याचे यात नुकसानच झाले. सध्या टास्कबार आपोआप लपेल असा ठेवणे, आणि कोरलड्रॉ किंवा इनडिझाइनमधली पॅनेल उजव्या कडेला रचून त्या रचनेला नाव देऊन ती जतन करणे, एवढे तरी करता येते. पत्रिकेसाठी एक रचना, फ्लेक्ससाठी दुसरी.

एका संगणकावर दोन पाळ्यांत दोघे बसत असतील, तर दोघांना विंडोजची वेगवेगळी खाती द्यावीत. एकाने हलवलेली पॅनेल शोधण्यात दुसऱ्याची सकाळ जाऊ नये. पडद्याची अशी मांडणी लावत बसणे मालकांना वेळेचा अपव्यय वाटते, पण ऑपरेटरला मांडणीसाठी अर्धा दिवस मोकळा देणे हे त्याच्या कौशल्याला दिलेले मोल आहे.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नियमित आधार संपला आणि अनेक दुकानांत संगणक बदलण्याचे काम निघाले आहे. जुने यंत्र देऊन टाकण्याआधी कोरलड्रॉची रचना एक्स्पोर्ट करून घ्यावी, वापरातल्या फॉन्टची यादी करावी आणि भाषांच्या कळा कागदावर उतरवून ठेवाव्यात.