आठवडा उबेत, मग थेट फ्रीजमध्ये

जानेवारीत ब्रिस्बेनमधल्या गॅरेजांचे पत्रे दुपारी हात लावू देत नाहीत, आणि त्याच पत्र्यांखाली आपल्यापैकी कित्येकांच्या बाटल्या खोक्यांत उभ्या असतात. उन्हाळ्यात येणाऱ्या पत्रांमध्ये दोन तक्रारी हटकून असतात: बिअर निवळत नाही, आणि बूच उघडताच निम्मी बाहेर येते. दोन्हींचे मूळ आम्हाला एकाच जागी दिसते. ज्या पुस्तकांवरून आपण शिकलो ती बहुतेक थंड देशांतली आहेत. बाटल्या भरा, दोन-तीन आठवडे ठेवा, नंतर महिना-दोन महिने हात लावू नका, बिअर आपोआप निवळेल, हा सल्ला बारा-तेरा अंशांच्या इंग्लिश तळघरात खरा ठरतो. तीस अंशांच्या खोलीत त्याच सल्ल्याने चांगल्या बिअरची माती होते.

बव्हेरियाने या उष्णतेचा धसका घेऊन १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावर बंदीच घातली होती. आपल्याला तसे हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. घरात एखादा जुना फ्रीज आणि त्याला जोडलेला तापमान-नियंत्रक असला की काम भागते. पण तो फ्रीज कधी वापरायचा, हे वेळापत्रक मात्र आपले आपणच ठरवायला हवे.

आधी निवळण्याचे बघू. किण्वन संपल्यावर बिअरमध्ये दोन प्रकारचा गढूळपणा असतो. एक यीस्टचा, तो वेळ दिला की खाली बसतो. दुसरा जास्त चिवट. माल्टमधली प्रथिने आणि माल्ट व हॉप्समधली पॉलिफेनॉल्स थंडीत एकमेकांना धरतात आणि बिअरवर धूसर साय आल्यासारखी दिसते. बिअर कोमट झाली की ती पकड सुटते आणि साय नाहीशी होते. म्हणून अठ्ठावीस अंशांना काचेसारखी स्वच्छ दिसणारी बिअर फ्रीजमधून काढून ग्लासात ओतली की गढूळ दिसते. उबेत महिनोन्‌महिने ठेवूनही हा गढूळपणा जात नाही, कारण खाली बसण्याजोगे तिथे काही तयारच झालेले नसते. तो आधी थंडीत तयार व्हावा लागतो आणि थंडीतच बसावा लागतो. तेव्हा बाटल्या भरण्याआधी अख्खा फर्मेंटर शून्य ते दोन अंशांवर दोन-तीन दिवस ठेवावा. थंड होताना आतला वायू आक्रसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. एअरलॉकच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा लावला तर हा ऑक्सिजन टळतो. एवढी एक काळजी घेतली तरी हॉप्सचा वास कितीतरी जास्त टिकतो.

जिलेटिन घालायचे तर तेही थंड बिअरमध्येच. तेवीस लिटरला अर्धा ते एक चहाचा चमचा पुरतो. ते थोड्या पाण्यात फुगवावे, पाणी पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापवावे, उकळू मात्र देऊ नये. उकळल्यास त्याचे लांब रेणू तुटतात आणि उपयोग कमी होतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो तिथे जे घडते तेच इथेही घडते. विरुद्ध विद्युतभार एकमेकांना ओढतात, बारीक कणांचे गोळे होतात आणि ते तळाला जातात.

आयसिंग्लासचे मात्र उष्ण हवेत अवघड असते. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेले हे कोलॅजन साधारण वीस अंशांच्या वर आपली घडण गमावू लागते. भर उन्हाळ्यात टपालाने आलेली तयार बाटली कपाटात ठेवली तर ती वाया गेली असे समजावे. या पदार्थाचे आपल्या किनाऱ्याशी जुने नाते आहे. एकोणिसाव्या शतकात माशांच्या अशा वाळवलेल्या पिशव्या मुंबई बंदरातून विलायतेला जात, आणि जॉन फोर्ब्स रॉयल यांनी १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आयसिंग्लासच्या उत्पादनावर एक पुस्तकच लिहिले. आपल्या कोळ्यांना ठाऊक असलेले घोळीचे भोत ते हेच. उष्ण समुद्रातल्या माशांचे कोलॅजन थंड पाण्यातल्या माशांपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसते, तरी ते फ्रीजबाहेर ठेवण्याइतके नाही.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. जिलेटिन किंवा आयसिंग्लास घातलेली बिअर शाकाहारी पाहुण्यापुढे ठेवताना तसे स्पष्ट सांगावे. घटक तळाला बसून गेला, आता काय उरले, हा युक्तिवाद करू नये. ज्यांच्या घरी हा प्रश्न नेहमी येतो त्यांनी उकळीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत समुद्री शेवाळापासून केलेले कॅरागीनन घालावे आणि बाकीचे थंडीवर सोडावे. चांगली निवळ मिळते.

इतकी निवळलेली बिअर बाटलीत फसफसेल का, ही भीती बहुतेकांना वाटते. डोळ्यांना स्वच्छ दिसणाऱ्या बिअरमध्येही पुरेसे यीस्ट तरंगत असते. फार तर दोन-चार दिवस जास्त लागतील. महिनोन्‌महिने थंडीत मुरवलेल्या लागरला तेवढे ताजे यीस्ट द्यावे.

आता साखर. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. साखरेचे गणित बिअरचे तापमान विचारते, कारण बिअरमध्ये आधीच किती वायू विरघळलेला आहे ते त्यावरून कळते. तिथे लिहायचे ते किण्वन संपल्यानंतर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला पोचली ते. उबेत निघून गेलेला वायू नुसते थंड केल्याने परत येत नाही. समजा तेवीस लिटर पेल एल आहे, ती सव्वीस अंशांवर पोचली होती, आणि २.४ आकारमान वायू हवा आहे. साधी साखर साधारण दीडशे ग्रॅम लागेल. तीच बिअर थंड करून ठेवली आहे म्हणून दोन अंश लिहिले तर गणित सत्तरच्या आसपास ग्रॅम सांगते आणि बिअर मिळमिळीत होते. मग पुढच्या खेपेला लोक अंदाजाने मूठभर साखर जास्त टाकतात, आणि तिथून फुटक्या बाटल्यांची पत्रे सुरू होतात.

फुटण्याचे खरे कारण बहुधा साखरेपेक्षा घाई असते. हायड्रोमीटरवरचा एक अंश, म्हणजे १.०११ वरून १.०१०, बाटलीत उतरला तर सुमारे अर्धे आकारमान वायू वाढतो. चार अंश बाकी असताना बूच लावले तर ठरवलेल्या वायूत आणखी दोन आकारमानांची भर पडते, आणि ती साध्या काचेच्या सहनशक्तीपलीकडची आहे. सलग तीन दिवस वाचन हलले नाही तरच बाटल्या घ्याव्यात. सेझॉनच्या काही यीस्टमध्ये डायास्टॅटिकस जातीचे गुण असतात. ती इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिन्सही सावकाश फस्त करत राहतात. अशा बिअरला आणखी आठवडा द्यावा आणि त्या नळ्या-बादल्या वेगळ्या ठेवाव्यात.

उष्णता दाबही वाढवते. वीस अंशांना अडीच आकारमानांची बाटली आतून जेवढा दाब सोसते, त्याच्या जवळपास दुप्पट दाब ती अडतीस-चाळीस अंशांना सोसत असते, आणि त्यासाठी साखरेचा एक कणही वाढावा लागत नाही. पत्र्याखालचे गॅरेज म्हणूनच बाद. फेसाळणाऱ्या बाटल्या निस्तरायच्या वेळी आधी त्या थंड करा, जाड हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घाला, बाटलीवर टॉवेल टाका, मगच बूच सैल करा. मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

उबेचा खरा फायदा वेगाचा आहे. चोवीस ते सव्वीस अंशांत साधी एल आठवड्या-दहा दिवसांत फसफसते. त्यासाठी तीन आठवडे थांबायची गरज नाही. प्रत्येक खेपेत एक प्लास्टिकची बाटली भरावी. भरताना अंगठ्याखाली दबणारी ती बाटली दगडासारखी कडक झाली की बाकीच्याही तयार झाल्या असे समजावे आणि सगळ्या फ्रीजमध्ये उभ्या कराव्यात. इथे आळस महागात पडतो. ब्रुअरीत एक ठोकताळा वापरतात: बत्तीस अंशांतले तीन दिवस, बावीस अंशांतले तीस आणि तीन अंशांतले तीनशे दिवस बिअरला सारखेच म्हातारे करतात. बाटलीतले यीस्ट थोडाफार ऑक्सिजन खाते, सगळा नाही. फ्रीजमध्ये सगळ्या मावत नसतील तर खेपच लहान करावी. आमचे मत तर असे की उन्हाळाभर तेवीसऐवजी बारा लिटरच करावी.

तळाला पातळ गाळ राहणारच, आणि त्यात कमीपणा नाही. १८६२ पासून बिअर करणारी अ‍ॅडलेडची कूपर्स आपल्या एल आजही गाळासकट विकते आणि कित्येक जण ती बाटली मुद्दाम लोळवून ओततात. निवळ हवी असेल त्याने दोन दिवस उभी थंड केलेली बाटली एका धारेत ओतावी आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवावा.

भारतातून लिहिणाऱ्यांसाठी एक खुलासा: परवान्याशिवाय घरी बिअर करणे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथल्या परवानाधारक मायक्रोब्रुअरीत काम करणाऱ्यांच्या नोंदी मात्र आम्हाला जरूर हव्यात. फेब्रुवारीच्या अंकासाठी लिहिताना सगळ्यांनीच तीन तापमाने कळवावीत: किण्वन संपल्यानंतरचे सर्वांत जास्त, निवळतानाचे आणि बाटल्या ठेवलेल्या जागेचे दुपारी तीनचे.