शंतनूची अभिलाषा आणि नदीकाठचा फ्लॅट

या सदराच्या वाचकांना आमचे शेजारी ठाऊक आहेतच. त्यांचे आजोबा गायकवाडी अमदानीत वहिवाटदार होते आणि ती वहिवाट जणू आपल्याच नावे दफ्तरी दाखल आहे, अशा थाटात ते आजही बोलतात. गेल्या रविवारी त्यांच्या समवेत महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्याचा योग आला.

हकीकत थोडक्यात अशी की, सयाजीराव महाराजांनी १८८८ साली रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेण्याचे ठरविले आणि ती तयार होऊन बडोद्यात मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. त्यांतील दोन शंतनूची आहेत: एकात आठवे अपत्य पाण्यात सोडू पाहणाऱ्या गंगेला तो अडवितो, दुसऱ्यात मत्स्यगंधेचे मन वळवितो.

ज्याची सात मुले एका नदीने नेली, तोच राजा पुढे दुसऱ्या नदीच्या काठी तितक्याच आतुरतेने उभा राहावा, आणि पहिल्या चित्रात ज्या बालकाला त्याने वाचविले त्यानेच दुसऱ्या चित्रातील अभिलाषेचे मोल जन्मभर भरावे, हा क्रूर हिशेब ही दोन चित्रे एकापाठोपाठ पाहताना जसा मनात उतरतो तसा तो ग्रंथ वाचताना, निदान माझ्या तरी, कधी उतरला नव्हता. मी हे सविस्तर सांगू लागलो, तोच शेजाऱ्यांनी विचारले, “आज बाजारात याचे काय येतील हो?”

किमतीवरून गाडी जागेच्या भावावर आली. विश्वामित्रीच्या काठी नवी इमारत होते आहे म्हणे, गॅलरीतून थेट नदी दिसणारी! आता, १८९२ साली आजव्याचे पाणी नळाने शहरात आले तेव्हापासून तहानेसाठी या नदीची मनधरणी करण्याचे बडोदेकरांना कारण उरले नाही. उरली ती केवळ दर्शनाची हौस, आणि तीही अशी की नदीने वर्षभर खाली नम्रपणे वाहावे, आपण वरून चहा घेत पाहावे, व तिने मात्र उलट भेटीस येऊ नये. २०२४ च्या ऑगस्टात ती आलीच, आणि येताना मगरींनाही घेऊन आली. ज्यांनी ते दिवस गच्चीवर काढले त्यांच्यापैकीच आमचे हे शेजारी.

“आणि तरी तुम्ही घेणार?” मी विचारले.

“घेणार म्हणजे काय, बयाणा देऊन चुकलो! कर्ज तेवढे चिरंजीवांच्या नावावर. माझे वय बँकेला चालत नाही. मुलगा गुणी हो. हप्ते फिटेपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही, असे त्याने आपण होऊनच सांगून टाकले.”