पदकाची कड

रायपूरच्या सराफ्यात जुन्या दागिन्यांच्या मोडीबरोबर कधीकधी चांदीचे एखादे गोल पदक तराजूत पडते. एका अंगास पंचम जॉर्जची मुद्रा, दुसऱ्या अंगास घोडेस्वार व १९१४ आणि १९१८ ही साले. सराफ त्याचे वजन करतो. त्याचा तो धंदाच आहे. परंतु स्वतःस संग्राहक म्हणविणाऱ्यानेही केवळ चांदी पाहावी, हे मला पटत नाही.

पदकाची खरी ओळख त्याच्या कडेवर असते. तेथे भिंग धरल्यास बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण वाचता येते. समजा, पलटण ११७ मराठा निघाली. ही पलटण मेसोपोटेमियात लढली व प्रदीर्घ वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या सैन्यात होती. मग हा शिपाई त्या वेढ्यात होता काय? परतला काय? संशोधन येथून सुरू होते. मृतांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोधता येतात.

हेच पदक काशाचेही आढळते. ते मजूर पथकांतील लोकांना मिळाले. मोडीत त्यास मोल नाही. दुर्मीळ मात्र तेच अधिक.

बसरा येथील युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य शिपायांची पलटणवार केवळ संख्या. अशा शिपायाचे नाव धातूवर उमटले ते या कडेवर. म्हणूनच पदक घासून लखलखीत करण्याची हौस मला अपराधासारखी वाटते. सततच्या घासण्याने अक्षरेही झिजतात. आणि पदक मुशीत जाणारच असेल, तर निदान त्यापूर्वी कडेवरील मजकूर कोणीतरी वहीत उतरवून घ्यावा.