'नो ॲडेड एमएसजी' म्हणजे काय रे भाऊ?

पाकिटावर ठळक अक्षरांत 'नो ॲडेड एमएसजी' दिसलं की आपण निर्धास्त होतो. पण मंडळी, पाकिटाची पुढची बाजू ही जाहिरात असते. खरं काय ते मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. एमएसजी, म्हणजे आपलं अजिनोमोटो, विष आहे असा माझा दावा नाही. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी प्राध्यापकाने समुद्री शेवाळातून जे ग्लुटामेट वेगळं काढलं, तेच आपल्या टोमॅटोतही असतं. नेहमीच्या प्रमाणात ते निर्धोकच मानलं जातं. पण एखाद्याला ते खाऊन डोकं दुखतं असं वाटत असेल, किंवा नुसतंच नको असेल, तर त्याला अर्धसत्य विकायचं का?

सगळी गोम त्या 'ॲडेड' शब्दात आहे. ६२१ क्रमांकाची पूड वरून घातली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन किंवा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट घालायचं, ज्यात ग्लुटामेट भरपूर! २०१५ च्या मॅगी प्रकरणात शिशाइतकाच हाही वाद गाजला. आम्ही एमएसजी घालत नाही, ग्लुटामेट शेंगदाण्याचं प्रोटीन, कांद्याची पूड, गव्हाचं पीठ यांतून येतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. शेवटी ती ओळ पाकिटावरून गेलीच. अमेरिकेच्या एफडीएच्या मते तर असे घटक असलेल्या पदार्थावर 'नो एमएसजी' किंवा 'नो ॲडेड एमएसजी' लिहिताच येत नाही.

तेव्हा काकू-मावश्यांनो, पाकीट उलटं करा. आधी ६२१ शोधा. मग वरची दोन लांबलचक नावं. आणि ६२७, ६३१ किंवा ६३५ दिसलं तर थबका. हे एमएसजी नव्हे, पण यांचा खरा प्रभाव ग्लुटामेटच्या जोडीनेच पडतो. नवरदेव दिसला की वरात जवळपास असणारच!

"एवढं कोण वाचत बसतं?" असं म्हणणारे भेटतात. अहो, दोनशेची साडी घेताना आपण पदर उलटून बघतो, मग पोटात जाणाऱ्या वस्तूचं पाकीट उलटायला काय हरकत आहे? खायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवायला खरी माहिती तर द्या!

असो. घरातली पाकिटं आज उलटून बघा आणि काय सापडलं ते कळवा.