जुना लॅपटॉप आणि त्याची मूळ स्थिति

जुनीं यंत्रें आपल्या घरांतून सहसा बाहेर जात नाहींत. पाटा-वरवंटा अडगळींत पडला तरी तो टाकून देण्यास कोणाचा हात धजत नाहीं, आणि शिवणयंत्राचें झांकण तर कित्येक घरांत टेबलाचें काम करीत असतें. अलीकडे या परिवारांत लॅपटॉपची भर पडली आहे. दहाबारा वर्षांपूर्वीं मोठ्या हौसेनें घेतलेला लॅपटॉप चार्जरच्या तारेंत गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यांत ठेवलेला असतो. घरांतील एखाद्या मुलीचें कॉलेज सुरू झालें, अथवा कामास येणाऱ्या बाईंच्या मुलाला अभ्यासासाठीं कांहीं द्यावें असें मनांत आलें, म्हणजे तो खालीं काढण्यांत येतो. मग घरांतील जाणता मुलगा सांगतो, "हा फार मंद झाला आहे. याला फॅक्टरी सेटिंगला नेला कीं नव्यासारखा होईल." या 'नव्यासारखा' शब्दाविषयीं आज आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. हा उपाय करूं जातां तो साधत नाहीं, अशी तक्रार करणारीं माणसें आम्हांस वरचेवर भेटतात. आणि ज्यांना तो साधला त्यांपैकीं कांहींची स्थिति न साधलेल्यांहून वाईट झालेली आम्हीं पाहिली आहे.

प्रथम ही मूळ स्थिति म्हणजे काय, तें पाहूं. कारखान्यांतून निघतांना लॅपटॉपच्या डिस्कचे दोन-तीन भाग पाडलेले असतात. मोठा भाग आपल्या वापरासाठीं. आणि एक लहान भाग दृष्टीआड ठेवलेला, त्यांत विंडोजची व कारखानदाराच्या किरकोळ प्रोग्रॅमांची एक प्रत जपलेली. यास रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. यंत्र सुरू होत असतां ठराविक कळ दाबली कीं ही प्रत बाहेर येते, मोठा भाग पुसून टाकते आणि त्याच्यावर आपण पसरते. ही कळ प्रत्येक कारखानदाराची निराळी. एचपीच्या बहुतेक यंत्रांत एफ-११, असूसच्या यंत्रांत एफ-९, एसरच्या यंत्रांत ऑल्ट धरून एफ-१०. लेनोवोच्या कित्येक यंत्रांस तर बाजूला एक चिमुकलें बटण असतें, तें टांचणीनें दाबावें लागतें. हितोपदेशांतील एका मुनीनें उंदराचें मांजर, मांजराचा कुत्रा, कुत्र्याचा वाघ केला व अखेरीस त्याचा पुन्हां उंदीर केला, ती गोष्ट आमच्या पिढीस पाठ आहे. त्या उंदरास आपलें वाघपण आठवत होतें कीं काय, याची चौकशी आम्हीं वर्गांत मुलांकडून कधीं करविली नाहीं. लॅपटॉपापुरतें मात्र सांगतां येतें कीं, त्यास कांहींएक आठवत नाहीं.

योजना दिसावयास चोख आहे. परंतु तिच्यांत कपाटाची दुसरी किल्ली कपाटांतच ठेवण्याचा प्रकार आहे. ज्या डिस्कच्या बिघाडाच्या वेळीं ही प्रत हवी, त्याच डिस्कवर ती राहते. डिस्क झिजली म्हणजे दोन्ही एकदम झिजतात. शिवाय मधल्या काळांत तिच्यावर इतर प्रसंगही येऊन गेलेले असतात. जागा अपुरी पडते म्हणून कोणी तो भागच काढून टाकतो. डिस्क बदलतांना दुकानदार नव्या डिस्कवर आपल्याजवळचें विंडोज घालून देतो. मूळ प्रत जुन्या डिस्कबरोबर भंगारांत जाते, आणि पांच वर्षांनीं आपण ती कळ दाबीत बसतों. २०१५ च्या जुलै महिन्यांत विंडोज १० फुकट मिळूं लागलें, तें पुष्कळांनीं घेतलें. त्यांपैकीं कित्येक यंत्रांत जुनी प्रत जागच्या जागीं राहिली, पण कळेपासून तिच्यापर्यंतची वाट तुटली. व्याकरणांत स्थानीच्या जागीं आलेल्या आदेशास स्थानीप्रमाणें मान मिळतो. येथें कारखानदाराची कळ आदेशास ओळखच देत नाहीं.

विंडोजनें पुढें आपला स्वतःचा मार्गही दिला. सेटिंग्जमध्यें 'रीसेट' असा जो पर्याय असतो तो हाच. २०२० पासून त्यांत आणखी एक सोय झाली कीं, यंत्रांतील प्रत नासली असेल तर ती इंटरनेटवरून उतरवून घेतां येते. चार जीबीहून अधिक डेटा खर्ची पडण्याची तयारी ठेवावी लागते, इतकेंच. ज्यांचें यंत्र निदान सुरू तरी होतें त्यांनीं हा मार्ग अवश्य पाहावा. पण पाटी पुसण्यापूर्वीं गणित वहींत उतरवून घ्यावें, हें जें आम्हीं वर्गांत जन्मभर सांगितलें, तें येथेंही लागू आहे. आणि तें किती अंशीं, हें पुढील हकीकतीवरून ध्यानांत येईल. घरच्या मंडळींच्या संमतीनेंच ती येथें देत आहों.

पुण्यांतील आमचे एक स्नेही दोन वर्षांपूर्वीं वारले. त्यांचा २०१३ सालचा लॅपटॉप नातीस द्यावा, असें वहिनींनीं ठरविलें. थोरल्या चिरंजीवांनीं तो मूळ स्थितीस नेण्याचा दोनदां यत्न केला. दोन्ही वेळां यंत्रानें कांहीं टक्के मोजले आणि 'अडचण आली. कोणताही बदल केलेला नाहीं' असा निरोप देऊन तें थांबलें. मग तें एका दुरुस्तीच्या दुकानांत गेलें. "सगळें पुसून उद्यां नवें टाकून देतों," असें तेथें सांगण्यांत आलें. आंत काय आहे हें कोणी विचारलेंसुद्धां नाहीं. 'सगळें पुसून' हे शब्द वहिनींच्या कानांस खुपले. त्यांनीं यंत्र परत आणविलें व आम्हांस निरोप धाडला. आम्ही गेलों तेव्हां त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचें कुळाचें काम ह्यांतच होतें ना हो?"

तें त्यांतच होतें. स्नेह्यांनीं निवृत्तीनंतर नऊ वर्षें खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत जुळवीत आणला होता. कागदोपत्रीं टिपणें होतीं, तीं यंत्रांत चढवीत चढवीत त्यांनीं फाडून टाकलीं. नीटनेटकेपणाचा त्यांस सोस होता. म्हणजे त्या दोन वेळां रीसेट फसला नसता, तर नऊ वर्षांचें काम अर्ध्या तासांत गेलें असतें. 'कोणताही बदल केलेला नाहीं' हें वाक्य चिरंजीवांस नकार वाटलें होतें. आम्हांस तें वाचून हायसें झालें.

अशा वेळीं पहिलें काम हें कीं, ती कळ पुन्हां दाबावयाची नाहीं. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यंत्र सुरूच करूं नये व तें जाणकाराकडे न्यावें. दर खेपेस थोडें अधिक नासत असतें. आवाज नव्हता, म्हणून आम्हीं आपल्या यंत्रावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली एका पेन ड्राइव्हवर घेतली आणि त्या पेन ड्राइव्हवरूनच स्नेह्यांचा लॅपटॉप चालविला. यांत आंतील डिस्कवर एक अक्षरही लिहिलें जात नाहीं. परक्या घरांत ओसरीवर बसून माजघरांतील सामानाची यादी करावी, तसा हा प्रकार. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद आपणच ठेवीत असते, ती वाचली. बरेच भाग खराब झालेले होते, आणि ती दडविलेली प्रत वाचलीच जात नव्हती. रीसेट कां फसतो याचा उलगडा झाला. स्नेह्यांच्या फाइली मात्र शाबूत होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या.

येथें एक गोष्ट सांगून ठेवितों. कांहीं यंत्रांतील डिस्क कुलुपबंद असते, व तिच्यासाठीं ४८ आंकड्यांची किल्ली लागते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत साठविलेली असते. खात्याचा परवलीचा शब्द घरांत कोणास ठाऊक नसेल तर पुढें कोणाचेंही कौशल्य चालत नाहीं. घरांतील वडील माणसांनीं मुदतठेवींच्या पावत्यांबरोबर हाही कागद ठेवावा.

फाइली मिळाल्या म्हणून आनंद झाला तो फार टिकला नाहीं. आमच्या यंत्रावर पहिली फाइल उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरें, स्वल्पविराम, कंस व डॉलरचीं चिन्हें यांचें निव्वळ कडबोळें. चिरंजीव म्हणाले, "काका, फाइली बिघडल्या." बिघडल्या नव्हत्या. पूर्वीं मराठी छपाईसाठीं जे फॉन्ट निघाले त्यांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फाइलींत 'क' असा लिहिलेलाच नसे. तेथें दुसरेंच एखादें अक्षर असे, आणि फॉन्ट त्यास 'क'चा पोषाख चढवी. प्रत्येक कंपनीची वांटणी वेगळी. युनिकोडांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली, विंडोजवरही ती विंडोज २००० पासून चालूं लागली. तथापि ज्यांचा हात जुन्या फॉन्टवर बसला होता त्यांनीं तो सोडला नाहीं. आमचे स्नेही त्यांतलेच. फॉन्ट नसला म्हणजे पोषाख उतरतो व आंतील नुसता सांगाडा दिसूं लागतो.

फॉन्ट हा कागदपत्रांच्या कप्प्यांत राहत नाहीं. तो विंडोजच्या स्वतःच्या कप्प्यांत, 'फॉन्ट्स' या नांवाखालीं असतो. आणि 'महत्त्वाचें तेवढें काढून घ्या' असें सांगितलें असतां तिकडे कोणी फिरकत नाहीं. रीसेट झाला असता तर फाइली एखादे वेळीं वांचल्या असत्या, पण त्यांस वाचणारा फॉन्ट पुसला गेला असता. जुन्या यंत्रावर मराठीचें काम केलेल्या प्रत्येकास आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, फाइलींबरोबर तो सबंध कप्पा उतरवून घ्यावा. आम्हीं तो आणला, फॉन्ट बसविला, आणि त्याच कडबोळ्यांतून स्नेह्यांची प्रस्तावना वर आली.

त्यानंतर मजकूर युनिकोडांत आणविला. त्यासाठीं परिवर्तक प्रोग्रॅम मिळतात, पण त्यांच्यावर सर्वस्वी विसंबूं नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकलेली असते व रफार नंतर, म्हणजे जसें डोळ्यांस दिसतें तसें. युनिकोडांत क्रम उच्चाराचा असतो. ही उलथापालथ करितांना प्रोग्रॅम मधूनमधून अडखळतो. गोष्टीच्या पुस्तकांत अशी चूक वाचक आपोआप सुधारून घेतो. कुलवृत्तांतांत सारीं नांवेंच. तेथें चुकलेलें नांव चुकलें आहे हें कशावरून कळणार? आणि या वृत्तांताचें वैशिष्ट्य असें कीं, कित्येक जुन्या वृत्तांतांत स्त्रियांची नोंद तोकडी असते, तशी स्नेह्यांनीं ठेवली नाहीं. घरांत आलेल्या प्रत्येक सुनेचें माहेरचें नांव, गांव व जमल्यास तिच्या आईचें नांवही त्यांनीं मिळविलें होतें. हीं नांवें एकदां गेलीं तर परत कोणत्या दप्तरांतून आणावयाचीं?

आतां लॅपटॉपाविषयीं. तो मूळ स्थितीस गेला असता तर काय झाला असता? विंडोज ८ घेऊन उभा राहिला असता. त्या विंडोजची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २०१६ च्या जानेवारींत थांबविली, ८.१ ची २०२३ च्या जानेवारींत. विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ असल्या वयोवृद्ध यंत्रास रीतसर पंगतींत घेत नाहीं. त्यास सुरक्षेची टीपीएम २.० ही चकती व नवा प्रोसेसर लागतो. तेव्हां 'नव्यासारखा' म्हणजे २०१३ सालीं नवा होता तसा, आणि आजच्या इंटरनेटवर उघड्या दारानें बसलेला. ज्यांस विंडोजच हवें त्यांनीं इतकें जाणावें कीं, विंडोज ८ पासून परवान्याची किल्ली बहुधा यंत्राच्या पोटांतच असते. आणि यंत्रावर पूर्वीं विंडोज १० रीतसर चालून गेलें असेल तर तें पुन्हां घातल्यावर परवाना आपोआप ओळखला जातो. जुन्या ७-८ च्या किल्लीवर नवें विंडोज उघडण्याची वाट मात्र २०२३ च्या सप्टेंबरांत बंद झाली.

आम्हीं नादुरुस्त डिस्क काढविली, तिच्या जागीं लहानशी एसएसडी बसविली व तीवर लिनक्स मिंटच कायमची घातली. चार जीबी रॅमवर ती बरी चालते. लिहिण्यासाठीं लिबरऑफिस आहे, मराठीसाठीं इनस्क्रिप्टचा कळफलक आहे. नातीस प्रथम तिचें रूप परकें वाटलें. आठवड्यांत तिनें आम्हांसच दोन युक्त्या शिकविल्या. जुनी डिस्क पुसलेली नाहीं. कापडांत बांधून, वर चिठ्ठी लावून ती देवघराशेजारच्या कपाटांत ठेवली आहे.

वहिनी रोज दुपारीं मजकुराचीं दोन पानें तपासतात. त्या पांचव्या पिढीशीं पोंचल्या आहेत. तेथें एका सुनेच्या माहेरच्या नांवाची जागा कोरी सांपडली. स्नेह्यांसच ती भरतां आली नव्हती. देवरुखच्या एका आजींस तें नांव ठाऊक असावें असें वहिनींचें म्हणणें आहे, आणि त्यांस पत्र घातलें आहे.