नव्याच्या सणाला शेजारी जाताना



दिवाळीत आपल्या घरांतून फराळाची ताटं भरभरून बाहेर जातात. खाली वॉचमनकडे, समोरच्या बिऱ्हाडात, मुलाच्या ऑफिसातल्या मित्राकडे, दवाखान्यातल्या सिस्टरकडे. वर क्रोशाचा रुमाल घातलेलं ताट आपण हौसेनं पाठवतो. पण त्या सिस्टरच्या नाताळला किंवा त्या मित्राच्या ईदेला आपण त्यांच्या घरी किती वेळा गेलो, हे जरा आठवून बघा. बोलावणं येत नाही असं नाही. ते आलं की आपण हसून म्हणतो, "आमच्यात चालत नाही हो." विषय तिथेच मिटतो.

मला वाटतं, हे वाक्य आपण फार स्वस्त केलंय. काय चालत नाही आणि का, हे समोरच्याला नीट सांगायचे कष्टही आपण घेत नाही. मग त्याला वाटतं की मीच यांना चालत नाही. आपले नियम एवढेही न मोडता दुसऱ्याच्या सणाला जाता येतं, आणि जायला हवं, असं माझं मत आहे. हे मी अनुभवावरून म्हणते, आणि अनुभव आहे आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या घरचा. त्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी ज्यू.

रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग तुमच्यापैकी पेठेत वाढलेल्यांनी पाहिलं असेल. कॅम्पातलं लाल देऊळ तर सगळ्यांनाच माहीत आहे. ते १८६७ सालचं, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं. ससून हॉस्पिटलच्या नावातले ससून ते हेच. ते बगदादहून आलेल्या ज्यूंपैकी. बेने इस्राएल मात्र कोकणातले, घरात मराठी बोलणारे. अलिबागजवळच्या नौगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आडनावं गावांवरून, पेणकर, रोहेकर अशी. आता देशात ते फार उरले नाहीत. २०११ च्या जनगणनेत सगळे ज्यू मिळून पाच हजारांच्या आत होते, त्यातले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. आपण जैन एकट्या महाराष्ट्रात चौदा लाख आहोत. आपल्याला २०१४ साली अल्पसंख्य दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, मात्र आपल्याहून कितीतरी थोडे असलेले शेजारी आपल्या लक्षातही नसतात.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकून मला फार गंमत वाटली. हिब्रू नावं आहेतच, पण आज्ज्यापणज्या म्हणायच्या ती ही: वर्षाचा पहिला दिवस तो नव्याचा सण. मग खिरीचा सण. दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण, म्हणजे दारं लावून घ्यायचा दिवस. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. त्यांच्या धर्मात सांगितलंय की देवाशी केलेली चूक त्या उपासानं फिटेल, पण माणसाशी केलेली चूक त्या माणसाची क्षमा मागितल्याशिवाय फिटत नाही. हे ऐकल्यावर आपल्याला क्षमावाणी आठवल्याशिवाय कशी राहील? दशलक्षण संपून अनंत चतुर्दशी झाली की आपण 'उत्तम क्षमा' म्हणत दारोदार जातो, आणि बहुतेक वर्षी त्याच्याच आगेमागे काही आठवड्यांत त्यांचा हा सण येतो.

आता जेवणाकडे वळते, कारण अडतं ते तिथेच.

ताईंनी पहिल्यांदा नव्याच्या सणाचं बोलावणं केलं तेव्हा मी त्यांना वहीत लिहावं तसं एकेक सांगितलं. आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. कांदा, लसूण, बटाटा, कुठलाच कंद नाही. मध नाही. आदल्या दिवशीचं ओलं अन्न नाही. मांस शिजलेल्या भांड्यातलं नाही. मला वाटलं होतं, यादी ऐकून त्या म्हणतील, मग राहू द्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, आमचेपण असेच आहेत," आणि त्यांनी आपली यादी सांगितली.

त्यांच्यात मांस आणि दूध एकत्र येत नाही. मटण जेवल्यावर काही तास दूध, दही, तूप काहीच घ्यायचं नाही. नीट पाळणाऱ्या घरात दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी. ताईंकडे गोडाचं पातेलं तर तिसरंच आहे. त्यात मटण शिजत नाही आणि दूधही तापत नाही. किडामुंगी पोटात जाणं त्यांनाही निषिद्ध आहे, म्हणून त्याही तांदूळ आणि पालेभाजी आपल्यासारखीच डोळ्यांत तेल घालून निवडतात. कारणं निराळी आहेत. आपण जीवदयेसाठी पाळतो, त्या देवाची आज्ञा म्हणून पाळतात. पण ताटात काय यावं आणि काय येऊ नये याचा विचार आयुष्यभर करणारी बाई दुसऱ्या तशाच बाईला लगेच ओळखते. काहीही खाणाऱ्या माणसाला आपला नियम समजावताना जितका वेळ लागतो, त्याच्या पाव वेळात आमचं ठरलं.

अडचणी होत्याच. त्यांचा दिवस सुरू होतो सूर्यास्ताला, म्हणजे सणाचं पहिलं जेवण रात्रीचं. त्यांचं पान वाढायची वेळ ती आपली तोंड बंद करायची. म्हणून आमचं ठरलं दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. सकाळी सिनेगॉगमध्ये जाऊन, दुपारचं आपलं जेवण उरकून त्या आमच्यासाठी पुन्हा टेबल मांडतात.

त्या टेबलावर सफरचंद आणि मध असतोच, नवं वर्ष गोड जावं म्हणून. जगभरच्या ज्यू घरांतून ही रीत आहे. मध तर आपल्या अष्ट मूलगुणांतच वर्ज्य, मद्य आणि मांसाच्या पंगतीला बसवलेला. ताईंनी आमच्या बाजूला गुळाच्या काकवीची वाटी ठेवली. अर्थ तोच, गोड जावं. डाळिंब होतं, खजूर होता. वाइनऐवजी त्यांच्यात काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असतं, न आंबवलेलं. तेही सकाळी केलेलं होतं.

आणि होता चिकाचा हलवा. कुरडयांना आपण जसा गव्हाचा चीक काढतो तसाच काढून, नारळाच्या दुधात आणि साखरेत हळूहळू आटवायचा, घोटून घोटून हात भरून येतो. ताटात थापून वड्या पाडायच्या. नारळाचं दूध का, हे तेव्हा मला उमगलं. दुपारी मटण जेवलेलं घर चार वाजता गाईच्या दुधाची वडी खाऊ शकलं नसतं. नारळामुळे ते आमच्याबरोबर बसून खाऊ शकतं. मी स्वतः हलवा घेत नाही. गहू तीन दिवस भिजलेले असतात आणि वड्या आदल्या दिवशीच्या. तसं मी सांगितलं, ताईंनी "बरं" म्हटलं आणि डाळिंबाची वाटी पुढे सरकवली. आमच्या घरातल्या दोघांना तेवढी मर्यादा नाही, त्यांनी दोन-दोन वड्या खाल्ल्या. एका टेबलावर चार नियमांची माणसं बसली आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

दिवाळीला ताई आमच्याकडे येतात. आश्विन अमावास्येला सकाळी मंदिरात निर्वाण लाडू चढवून आलं की दुपारी त्यांचं पान असतं. आपल्याकडे लाडवापासून भातापर्यंत सगळ्यात तूप. म्हणून त्या दिवशी आधीच्या जेवणात त्या मटण करत नाहीत, नाहीतर आमच्याकडे त्यांना नुसता चिवडाच खाता आला असता. त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या सुनेच्या बोलण्यातून कळलं. आपण ताट पाठवून मोकळ्या होतो तेव्हा समोरच्याला ते खाता येतंय का, हे आपण विचारतो का? दुसऱ्याला पानावर बोलवायचं तर त्याचेही नियम विचारावे लागतात. आपल्याकडे सगळं शुद्ध, तेव्हा कुणालाही चालेल, असं गृहीत धरणं बरोबर नाही.

आता आक्षेप. मंडळात हा विषय निघाला तेव्हा एकीनं विचारलं, "त्या घरात मांस शिजतं, तिथे घास उतरतो तरी कसा?" प्रश्न खरा आहे. ज्यांना वासच सहन होत नाही त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. फळ घ्यावं, पाणी आपलं न्यावं, अर्धा तास बसून यावं. पण आपला नियम वस्तूला लागतो हे विसरू नये. कंदाला, मधाला, रात्रीला लागतो. हात लावणाऱ्या माणसाला तो लागत नाही. मुनींच्या आहाराच्या चौक्याचे नियम निराळे, तो विषय इथे घेत नाही. आपण गृहस्थ आहोत. सोवळ्याची सवय आणि अहिंसेचं व्रत आपल्या स्वयंपाकघरात इतकं मिसळून गेलंय की कुठलं कुठे संपतं हे आपल्यालाही कळेनासं झालंय.

दुसरी म्हणाली, "मुलांना सवय लागेल." मुलं हिंजवडीला आणि बंगळूरला नोकरीला गेली की रोज दहा जातीच्या माणसांबरोबर जेवणार आहेत, आपण सोबत नसणार. आजी दुसऱ्याच्या टेबलावर बसून, न लाजता, न तोंड वाकडं करता "हे मला नको, ते घेते" म्हणते, हे ज्या नातवानं पाहिलंय त्याला कॅन्टीनमध्ये नाही म्हणायला जड जाणार नाही. "त्यांच्याकडे जायचंच नाही" एवढंच शिकलेला नातू पहिल्या संधीला नियम टाकून देईल, कारण नियम कसा पाळायचा हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही.

आणि एक गोष्ट हळू आवाजात सांगायला हवी. आपल्यातल्या काही इमारतींत घर विकताना किंवा भाड्यानं देताना आधी स्वयंपाकघर विचारतात. उद्या ताईंचं बिऱ्हाड हललं तर तिथे कोण येणार हे आमच्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरेल. ज्यांच्या सणाला आपण एकदाही गेलो नाही त्यांना 'नको' म्हणणं सोपं असतं. काकवीची वाटी ज्यांनी आपल्यासाठी वेगळी ठेवली त्यांच्याबद्दल तो शब्द जिभेवर येत नाही. मी त्या मीटिंगमध्ये काय बोलणार ते माझं ठरलंय.

ताईंची दोन मुलं इस्राएलला आहेत. आळीतली बरीच घरं पूर्वीच गेली. दारफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला त्यांच्यात शिळा सण म्हणत, तो दानधर्माचा आणि भेटीगाठींचा दिवस. पूर्वी त्या दिवशी जिना चपलांनी भरायचा म्हणे. आता आम्ही आणि आणखी एक-दोन घरं.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा क्षमावाणीला आपल्या माणसांच्या याद्या कराल तेव्हा त्यात एक नाव आपल्या बाहेरचं घाला. ज्यांच्याकडे ताट जातं पण आपण कधी जात नाही असं एखादं. त्यांना फोन करा, त्यांचा सण कधी ते विचारा, आणि आपण काय खातो, काय नाही, हे कारणासकट सांगा. वेळ सूर्यास्ताच्या आतली ठरवा. पाण्याची बाटली सोबत असू द्या.