पावतीपुरता नंबर

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक औषधाचं दुकान आहे. सातव्या कलमाखालच्या उदाहरणात एक बाई तिथे खरेदी करते, आपणहून आपली माहिती देते आणि पैसे पोचल्याचा मेसेज मोबाइलवर पाठवा, असं सांगते. पावती पाठवण्यासाठी दुकानाने ती माहिती वापरायला हरकत नाही, असं कायदा म्हणतो आणि उदाहरण तिथेच संपतं. दिवाळीची सवलत, नवी शाखा, मालकाच्या मेव्हण्याची प्रोटीन पावडर यांतलं काहीही त्यात येत नाही.

मी लहान दुकानं, दवाखाने, क्लासेस यांच्या वेबसाइट बनवतो. हे उदाहरण बऱ्याच जणांना वाचून दाखवलं आहे. उत्तर बहुतेक एकच येतं: ‘‘पण नंबर तिनेच दिला ना?’’

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दुकानदाराच्या दृष्टीने नंबर म्हणजे ओळख. ओळख झाली की माणूस पुन्हा हाक मारतोच, त्यासाठी लेखी परवानगी काढत नाही. शिवाय ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, नियम वाचलेला एखादा हुशार मालक पुढे म्हणतो, ‘‘ज्याने डीएनडी लावलेलं नाही त्याला जाहिरात पाठवायला ट्रायची मनाई नाही.’’ हेही खरं आहे. हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) नोंदवा, टेम्पलेट (मेसेजचा साचा) मंजूर करून घ्या, पाठवा. मग वेबसाइटवर आणखी काय लिहायचं?

उत्तर घरातलंच आहे. गॅसवाल्याकडे आपला पत्ता असतो. त्या पत्त्यावर त्याने आपला भाचा विम्याची फाइल घेऊन पाठवला आणि वर ‘पत्ता तुम्हीच दिला होता’ म्हणाला, तर आपण ऐकून घेऊ का? पत्ता सिलिंडरपुरता दिलेला होता. दोन्ही बाजूंना ते न बोलता माहीत होतं. नंबराचंही तसंच आहे, फक्त फोनवर भाच्याला दारातून परत पाठवता येत नाही. आणि डीएनडी न लावणं म्हणजे होकार, हा अर्थ ट्रायच्या नियमात चालतो, २०२३ च्या कायद्यात चालत नाही. तिथे संमती मोकळेपणाने, ठरावीक कामासाठी, माहिती घेऊन आणि स्पष्ट कृतीने दिलेली लागते. गप्प बसणं ही कृती नाही.

आता खिशातला मोबाइल काढा आणि कुठल्याही बँकेचा किंवा दुकानाचा एसएमएस पाहा. हेडरच्या शेवटी छोटी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर दिसेल. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. ट्रायच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हे आलं. नियम करणाऱ्यांनी मेसेजाची चार खाती पाडली. बहुतेक वेबसाइटवर मात्र अजून एकच खातं आहे: नाव, नंबर, सबमिट. पहिल्या पूर्वपक्षाचं मूळ त्या एकाच बटणात आहे. मालकाच्या मनात लबाडी असतेच असं नाही. फॉर्मने त्याला वेगळं विचारायला जागाच ठेवलेली नसते.

म्हणून मी दोन चौकटी ठेवतो. ‘माझ्या ऑर्डरची माहिती एसएमएसने पाठवा’ ही एक. ‘सवलती आणि नव्या मालाचे एसएमएस पाठवा’ ही दुसरी. दुसरी रिकामीच असते आणि ती रिकामी ठेवूनही ऑर्डर पुढे जाते. फॉर्मजवळ तीन-चार ओळी असतात: मेसेज कोण पाठवणार, कुठल्या हेडरने, साधारण कितीदा, आणि बंद कसे करायचे. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि त्या दिवशी चौकटीसमोर नेमकी कुठली शब्दरचना होती हे साठवलं जातं. हे शेवटचं काम सगळे विसरतात. वर्षभराने चौकटीचं वाक्य बदललं, तर जुना ग्राहक कशाला हो म्हणाला होता ते कोण सांगणार? बंद करण्याचं पान लॉगिन न मागता उघडतं, कारण संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं, असं कायद्याचं सहावं कलम सांगतं. ज्याने जाहिराती बंद केल्या त्याच्याकडे ९० दिवस पुन्हा संमती मागायची नाही, असं ट्रायची तीच दुरुस्ती सांगते. तेव्हा ‘तुम्ही आम्हाला सोडून चाललात?’ असं रडवेलं पॉपअपही मी लावत नाही. ते मी एरवीही लावलं नसतं.

दुसरा पूर्वपक्ष माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे. ‘‘पॉलिसी पेज कोण वाचतं? कुठून तरी उचला, नाव बदला, टाका.’’

या सवयीचा उगम मला माहीत आहे. पुण्यात अमेरिकन दुकानांच्या वेबसाइट बनवणारे पुष्कळ लोक आहेत. तिकडे साध्या दहा आकडी नंबरावरून धंद्याचे मेसेज पाठवायचे असतील, तर ब्रँड आणि मोहीम यांची नोंदणी लागते, आणि अर्ज तपासताना वेबसाइटही पाहिली जाते. मोबाइल नंबर आणि संमती जाहिरातीसाठी तिसऱ्या कोणाला देणार नाही, हे वाक्य प्रायव्हसी पॉलिसीत नसलं की अर्ज परत येतो. संमतीची चौकट आधीच टिक केलेली असली तरी येतो. तिकडे १९९१ च्या कायद्याने एकेका बेकायदा मेसेजामागे ५०० ते १,५०० डॉलरचा दावा लागू शकतो, म्हणून ही काटेकोरी. आपल्या मुलांनी त्यातून शिकायचं ते शिकलं नाही, फक्त वाक्य पाठ केलं. मग ते वाक्य सगळीकडे चिकटू लागलं. सातारा जिल्ह्यातल्या एका दंतवैद्याच्या वेबसाइटवर मी कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क वाचले आहेत. त्याखाली लिहिलं होतं: मेसेज थांबवण्यासाठी ‘स्टॉप’ असं उत्तर पाठवा.

हे वाक्य अमेरिकेत खरं आहे. आपल्याकडे त्या दवाखान्याचे मेसेज सहा अक्षरांच्या हेडरवरून येतात आणि हेडरला उत्तर पाठवता येत नाही. दाढ दुखणाऱ्या पेशंटने ‘स्टॉप’ टाइप केलं तर ते कुठेच पोचणार नाही, आणि डॉक्टरांच्या सहीनिशी त्याला तसं करायला सांगितलेलं आहे. उचललेलं पान वाचलं जात नाही म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. ज्या दिवशी कोणी तक्रार करण्याआधी ते वाचतो, त्या दिवशी ते पानच दुकानाविरुद्धची साक्ष होतं. पॉलिसी नसणं ही उणीव झाली. खोटी पॉलिसी म्हणजे लेखी दिलेला खोटा शब्द.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. वेबसाइटवरची टिक म्हणजे डीएलटीवरची संमती नव्हे. डीएलटी म्हणजे २०१८ च्या नियमावलीनुसार मोबाइल कंपन्यांनी उभारलेली सामाईक नोंदवही. ग्राहकाची संमती तिच्यातच डिजिटल पद्धतीने नोंदवावी, असा आदेश ट्रायने जून २०२३ मध्ये काढला. त्यात १२७ ने सुरू होणाऱ्या नंबरावरून ग्राहकाला विचारणा जाते. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या साथीने काही बँकांबरोबर त्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. यावर कोणी म्हणेल की संमती तिथेच घ्यायची असेल तर वेबसाइटवर इतका घोळ कशाला. पण ती विचारणा वाचणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अनोळखी नंबर, कुठल्याशा कंपनीचं नाव, ‘हो’ दाबा म्हणतात. शहाणा माणूस दाबणार नाही, आणि आपण सगळ्यांनीच त्याला न दाबायला शिकवलं आहे. वेबसाइटवर आधी सांगितलेलं असेल की अमुक नावाने, अमुक नंबरावरून असं विचारलं जाईल, तरच ती विचारणा ओळखीची वाटेल.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस आहे आणि तो मी अर्धा मान्य करतो. ‘‘चोर मोकाट आहेत आणि फॉर्म आम्ही भरतोय.’’ ८ मार्च २०२१ ला मोबाइल कंपन्यांनी डीएलटीवर नोंद नसलेले मेसेज गाळायला सुरुवात केली आणि देशभर ओटीपी अडकले. बँकेचे व्यवहार थांबले, आधारची पडताळणी रखडली. दुसऱ्याच दिवशी ट्रायला ही गाळणी सात दिवस स्थगित करावी लागली. त्या गोंधळाची मजा घेणाऱ्यांना पुढचा भाग आठवत नाही. महिना संपण्याआधी ट्रायने नियम न पाळणाऱ्या ४० मोठ्या संस्थांची यादी प्रसिद्ध केली. नियमावली येऊन अडीच वर्षं उलटली होती. साधनांची ददात नसलेल्यांनी टेम्पलेट नोंदवले नव्हते आणि शिव्या गाळणीला बसल्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेली लिंक असलेला मेसेजही अडतो. हेही पुरेसं नाही. नोंद होते ती पत्त्याची, त्या पत्त्यावर काय मांडलंय हे गाळणीला दिसत नाही. आणि साध्या दहा आकडी नंबरावरून गंडा घालणारा या वाटेने जातच नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. चोर आपल्यासारखं दिसण्याची खटपट करतो, तेव्हा आपण चोरासारखं न दिसणं ही आपली गरज ठरते. वेबसाइटवर खरा पत्ता, धंद्याचं नोंदलेलं नाव, हेडरची सहा अक्षरं आणि ‘आम्ही ओटीपी कधीच विचारत नाही’ ही ओळ, एवढं असलं तरी शंका आलेल्या ग्राहकाला मेसेज ताडून पाहायला जागा मिळते. ही जागा ट्राय देऊ शकत नाही. ती दुकानानेच ठेवावी लागते.

‘व्हॉट्सॲपवर पाठवतो, तिथे ही भानगड नाही’ हा आक्षेप एका ओळीचा आहे. व्हॉट्सॲपच्या धंदेवाईक धोरणातही आधी संमती लागते.

राहिली भाषा. ‘‘मराठीत एसएमएस महाग पडतो’’ ही तक्रार खरी आहे. इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात, देवनागरी आली की ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘संमती’ आपल्याला तीन अक्षरी दिसते, मोबाइल कंपनी पाच मोजते. पण वेबसाइटच्या पानावर अक्षरांना पैसे पडत नाहीत. आणि संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याची सोय ग्राहकाला असावी, असं २०२३ चा कायदा सांगतो. त्या २२ भाषांत मराठी आहे. कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, म्हणून सध्या सगळे निवांत आहेत. मला वेगळीच शंका येते. इंग्रजी पॉलिसी उचलता येते, मराठी लिहावी लागते. लिहायला बसलं की आपण त्या नंबराचं नक्की काय करतो हे स्वतःला विचारावं लागतं.

गेल्या वर्षी एका कापडदुकानाच्या मालकांनी माझ्या सांगण्यावरून दोन चौकटी लावल्या. महिन्याभराने त्यांचा फोन आला. दुसऱ्या चौकटीवर फारच थोडे लोक टिक करतात म्हणाले. मी विचारलं, मग इतकी वर्षं बाकीच्यांना कोणाच्या सांगण्यावरून पाठवत होतात? थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘‘असं करू या का, ती आधीच टिक करून ठेवू. ज्याला नको तो काढेल.’’ मी नाही म्हटलं. सध्या त्यांची वेबसाइट दुसरं कोणी तरी सांभाळतं.